चाकात कुठलं ग्रीस आहे?

वसईत माणिकपूरला भाड्याची जागा शोधत आम्ही दोघं हिंडत होतो, तेव्हा घरमालकांचे प्रश्न आम्हाला पाठ झाले होते. नोकरी कुठं, माणसं किती, गावाकडून पाहुणे किती येतात, मूल कधी होणार. या घरमालकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ते फाटकापाशी आले, आमच्या तोंडाकडं नीट पाहिलंसुद्धा नाही, आणि आमच्या मागं उभ्या असलेल्या जुन्या गाडीकडं हनुवटीनं खूण करून म्हणाले, "चाकात कुठलं ग्रीस आहे?"

माझा नवरा हसला. गॅरेजवाल्यानं भरलंय, त्याला माहीत असेल, असं काहीतरी म्हणाला.

"गाडीत बसतं कोन? तुमी का गॅरेजवाला?"

एवढं बोलून ते आत निघून गेले. आम्हाला वाटलं, जागा हातची गेली. पण ते जॅक घेऊन बाहेर आले. पुढचं चाक उचललं, एक हात वर आणि एक खाली धरून ते हलवून पाहिलं, मग गोल फिरवलं आणि कान जवळ नेऊन ऐकत राहिले. गल्लीतून जाणाऱ्या दोन बायका त्यांना ओलांडून गेल्या. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. चाक निघालं, मधली टोपी निघाली, आतलं बेअरिंग बाहेर आलं. त्यावरचं ग्रीस त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळलं, हुंगलं, उन्हात धरलं. जुनं न काढता वरून दुसऱ्याच जातीचं कोंबलंय, म्हणाले, दोन्ही एकमेकांत फाटलीत. मग रॉकेलचं भांडं आणायला उठता उठता आम्हाला म्हणाले, "वरच्या दोन खोल्या बघून घ्या. गाडी आज इथंच राहील."

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही त्या घरात राहिलो.

सगळे त्यांना अंकल म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. बुटके, काटक, खाकी हाफपँट आणि गंजीफ्रॉक, चष्म्याला मागून सुतळी. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला क्रूस सारखा हात लागून एका अंगानं काळा पडलेला. ते मूळचे पाचूबंदरचे, कोळ्याच्या घरातले. पण होडीत बसलं की पोटातलं सगळं वर यायचं, त्यामुळं वडिलांनी वैतागून त्यांना एका मेकॅनिककडं सोडलं. पुढं त्यांनी स्वतःचं छोटं गॅरेज काढलं आणि माणिकपूरला घर बांधलं. आम्ही राहायला गेलो तेव्हा गॅरेज बंद होऊन काळ लोटला होता. उरलं होतं ते फक्त ग्रीस.

ओसरीवरच्या बाकाखाली डबे ओळीनं मांडलेले असत. पिवळट, निळं, लाल, हिरवं, डांबरासारखं काळं. मी शाळेतून येऊन ओसरीच्या पायरीवर वह्या तपासत बसले की अंकलना श्रोता मिळायचा. मी साताऱ्याकडची, मराठीची शिक्षिका, मला चाकाच्या आत काही असतं हेच नवीन होतं. ते म्हणायचे, "रंगावर जाऊ नको, बाय. रंग दुकानदारासाठी असतो." मासळीचे टेम्पो बंदरावर उताराला मागं घेतात, चाकं खाऱ्या पाण्यात जातात, वरून बर्फाचं पाणी गळत असतं, त्यांना पाण्यानं धुऊन न जाणारं ग्रीस पाहिजे. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात. तिथं ते पाण्याचं ग्रीस वितळून वाहून जाईल, तिथं उष्णता सोसणारं पाहिजे. काळं ग्रीस गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी, चाकात चुकूनसुद्धा घालायचं नाही. "आधी गाडी कुठं जाते ते इचारायचं, मग डबा उघडायचा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एकदा वर्गात निबंधाबद्दल बोलताना माझ्या तोंडून तेच निघालं आणि मुलं बघत राहिली.

भरमसाट भरण्याचा त्यांना राग होता. तळहातावर गोळा घेऊन त्यात बेअरिंग दाबायचं, पलीकडच्या फटीतून ग्रीस डोकावलं की पुरे. चाकाच्या पोकळीत मात्र जागा मोकळी ठेवायची. ती नसली की ग्रीस घुसमटून स्वतःच तापतं, असं ते सांगायचे. खिडकीत काचेच्या पेल्यांत समुद्राचं पाणी असायचं आणि प्रत्येकात ग्रीसचा एक गोळा. कुठल्या पाण्याला दुधाळ रंग येतो हे ते रोज सकाळी बघत. वितळण्याची परीक्षा स्वयंपाकघरात, तव्यावर. पहिल्यांदा त्यांनी आंटींचा चांगला तवा वापरला. आंटी, म्हणजे त्यांची बायको, शब्द जपून वापरणारी बाई. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा तवा आणला आणि जुना मुकाट्यानं अंकलच्या बाकाखाली ठेवून दिला. नाताळात आंटी वर आम्हाला फराळ पाठवायच्या आणि अंकल ग्रीसचा डबा.

रिक्षा स्टँडवर त्यांना ग्रीस अंकल म्हणत. उभ्या रिक्षाच्या चाकाशी वाकून ते मधल्या भागाला हाताची मागची बाजू लावत, आईनं तापातल्या पोराला लावावी तशी. लग्नाला गेले की मंडळी चर्चमध्ये आणि अंकल बाहेर गाड्यांच्या रांगेत. फादरनी एकदा प्रवचनात नाव न घेता सांगितलं म्हणे, की मिस्सा चालू असताना बाहेर चाकं तपासणं हीही एक भक्ती असेल, पण आत येऊन केलेली बरी. सगळी माणसं हसली. आंटी हसल्या नाहीत, असं शेजारणीनं मला सांगितलं.

स्वतः मात्र ते कुठल्याच वाहनात बसत नसत. रिक्षात नाही, बसमध्ये नाही. पाचूबंदरला बहिणीकडं जायचं असलं तरी पहाटे उठून चालत जायचे आणि संध्याकाळपर्यंत चालत परत यायचे. पाय सुजायचे. आंटी मिठाचं गरम पाणी समोर ठेवून आत निघून जायच्या.

लोक हसत, पण हे सगळं गमतीचं नव्हतं, हे मला एका सकाळी कळलं. आमच्या शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी मुलं घ्यायला थांबली होती. परीक्षेचे दिवस. अंकल सरळ बसच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, डावं पुढचं चाक आवाज करतंय, गाडी हलवायची नाही. ड्रायव्हर आधी समजुतीनं बोलला, मग शिव्या द्यायला लागला. मुलं खिडक्यांतून ओरडत होती. मी बसमधून खाली उतरून अंकलना दंडाला धरून ओढलं, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी ड्रायव्हरनं वैतागून चाकाची टोपी काढू दिली. अंकलनी आत बोट घातलं, ग्रीस काढलं, चोळलं. सगळं ठीक होतं. चाक गार होतं. ड्रायव्हर काय काय बोलत गाडी घेऊन गेला. अंकल रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले, बोटावरच्या त्या ग्रीसकडं बघत. मुलं वाचली म्हणून सुटका झाल्यासारखा त्यांचा चेहरा असायला हवा होता. पण आपलं काही हरवलं असावं तसे ते दिसत होते.

"ग्रीसमुळं मानसं मरतात, बाय," ते मला म्हणाले. "लोकांना वाटतं दारूनं मरतात, झोपेनं मरतात. ग्रीसनं मरतात."

त्यांच्या मुलाची गोष्ट मला गल्लीनं पहिल्या आठवड्यातच सांगितली होती. डॉमनिक, एकुलता एक. घरचाच टेम्पो होता, तो पाचूबंदरहून मासळी आणायचा. एका दुपारी बंदराकडं जाताना टेम्पो एकाएकी रस्ता सोडून कडेला गेला. कडेनं एक बाई वाडीतून घरी चालली होती. ती जागच्या जागी गेली, आणि पुढं झाडावर आपटून डॉमनिकही गेला. पुढचं चाक जाम झालं, असं लोक सांगत. टेम्पोच्या चाकात ग्रीस अंकलनीच भरलं होतं आणि ते चुकीचं होतं, पाट्यांचं काळं ग्रीस त्यात मिसळलं गेलं होतं. हे कुणी शोधून काढलं नव्हतं. अंकलनी स्वतः पोलिसांना सांगितलं होतं, चर्चच्या दारात लोकांना सांगितलं होतं. दोन माणसं मेली होती, बाप स्वतःच्या तोंडानं कबूल करत होता. त्याच्यापुढं जाऊन कुणी काही विचारलं नाही.

मातीनंतर चार दिवसांनी अंकल त्या बाईच्या घरी गेले होते. तिचा नवरा भास्कर, केळीची वाडी असलेला माणूस. त्याच्या अंगणात उभं राहून अंकल म्हणाले, चूक माझ्या हातानं झाली, तू काय करशील ते कर. भास्कर त्यावर म्हणाला म्हणे, "काका, हाताची चूक कोनाचीबी व्हते. तुमचाबी पोरगा गेला." त्यानं अंकलना पाणी दिलं. तेव्हापासून दर नाताळात भास्करच्या वाडीतून केळ्यांचा एक घड अंकलच्या घरी येत असे. वसईत ही गोष्ट लोक आदरानं सांगत. माफी असावी तर भास्करसारखी, असं म्हणत.

तो घड आला की अंकल घरातून बाहेर पडत ते दिवेलागणीपर्यंत परतत नसत. एका नाताळात असाच घड आला. आंटींनी सगळाच्या सगळा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आंटी, एखादा तरी फणा ठेवा. त्या म्हणाल्या, ठेवून काय करू, यांच्या घशाखाली उतरत नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की अंकलनी आता स्वतःला इतकं लावून घेऊ नये, हाताची चूक ती, जाणूनबुजून थोडीच केली.

आंटी सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ग्रीस बरोबर व्हतं, बाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. पोलिसांकडून टेम्पो परत आला तेव्हा अंकलनी मागच्या अंगणात बसून त्याची पुढची दोन्ही चाकं उघडली. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. ग्रीस जसं भरलं होतं तसंच, स्वच्छ, पाण्यात टिकणारं. अंकलनी ते पुन्हा बंद केलं आणि टेम्पो भंगारात दिला. त्या दिवशी डॉमनिक प्यायलेला होता. दोस्ताच्या हळदीला गेला होता. आंटींना ते मागाहून त्याच्या दोस्तांकडून समजलं, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग अंकल असं का सांगत फिरतात?

"मेलेल्या पोराला दारुड्या म्हनतील त्यापेक्षा बापाला गाढव म्हनू दे. चाक उघडायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं व्हतं. आता सांगून सांगून त्यांनाच खरं वाटतं कधी कधी." सुपात उरलेली सालं त्यांनी झटकली. "आमच्यात त्याचं नाव निघत नाय. नाव काढलं की त्या दुपारपर्यंत जावं लागतं."

त्यानंतर अंकल एखाद्या रिक्षाशी वाकलेले दिसले की मला हसू येत नसे. शाळेची बस का अडवली आणि चाक गार निघाल्यावर तसा चेहरा का झाला, हे मला उमगलं होतं. एक तरी चाक त्यांना गरम सापडायला हवं होतं. ग्रीसनं माणूस मरतो हे एकदा तरी डोळ्यांसमोर सिद्ध व्हायला हवं होतं.

अशी वर्षं गेली. मग एका दुपारी भास्करचा पुतण्या फाटकात आला. भास्करला पोटाचा आजार होता, तो हाताबाहेर गेला होता, दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. त्यानं निरोप दिला होता: काकांना म्हणावं एकदा येऊन जा, त्यांच्या जिवाला जी टोचणी लागलीय ती मला जायच्या आधी काढून टाकायचीय. पुतण्या चांगला मुलगा होता. निरोप सांगताना त्याचे डोळे भरले होते. अंकलनी मान डोलावली. तो गेल्यावर ते बाकावर बसून राहिले. पेल्यांतलं पाणी त्या दिवशी बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. दारातच उभे राहिले. गंजीफ्रॉकवर शर्ट होता.

"बाय, गाडी काढशील? मला भास्करकडं जायचंय."

ते गाडीत बसणार, हे कळायलाच मला वेळ लागला. रविवार होता. मी किल्ली घेऊन खाली आले तर स्वयंपाकघरातून आंटींचा आवाज येत होता. त्या कधी एवढं बोलत नसत. जाऊ नका म्हणत नाही, त्या म्हणत होत्या, जा, त्याचा हात धरा, पण जुनं ते जुनंच राहू द्या. तो मरायला टेकलाय, त्याला सुखानं मरू द्या, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे. अंकल काहीतरी पुटपुटले. मग त्यांचा आवाज स्पष्ट आला.

"तो मला खोट्यासाठी माफ करून जाईल. मग मी कुठं जाऊ?"

आंटी पदर नीट करत बाहेर आल्या आणि न बोलता गाडीत मागं बसल्या. अंकल पुढं, माझ्या शेजारी. चाकांत त्यांनीच भरलेलं ग्रीस होतं, दर पावसाळ्यानंतर ते स्वतः बदलायचे. तरी सबंध रस्ता ते दाराची कडी घट्ट धरून बसले होते. दोन्ही बाजूंना केळी, अधूनमधून नव्या इमारतींचे सांगाडे. एका वळणावर त्यांनी डोळे मिटले. मागून आंटींचा जप चालल्याची कुजबुज ऐकू येत होती. तेच ते वळण असावं.

भास्करचं घर वाडीच्या मधोमध होतं. खाट पडवीत आणली होती, वारा लागावा म्हणून. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. अंगावर मांस उरलं नव्हतं, डोळे मात्र शांत. त्यानं हातानं खूण करून अंकलना खाटेच्या कडेवर बसवलं आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. बोलायला त्याला श्रम पडत होते. काका, आता तरी डोक्यातून काढा, तो म्हणाला. तिचं आयुष्य तेवढंच होतं. मी वर गेलो की तिला सांगेन, की माणूस वाईट नव्हता.

अंकलनी आपला हात सोडवून घेतला.

"भास्कर, ग्रीस बरोबर व्हतं."

भास्करला कळलं नाही. पुतण्यालाही कळलं नाही. अंकल खालच्या शेणानं सारवलेल्या जमिनीकडं बघून बोलत होते, आवाज न चढवता. चाकाला काही झालं नव्हतं, ते म्हणाले, मी नंतर उघडून पाहिलं. पोरगा प्यायलेला होता.

"आनि मला म्हाईत व्हतं. मी ओसरीवर एकाचं चाक भरत व्हतो. तो समोर येऊन हुभा राहिला, मला वास आला. सकाळीच आमचं भांडन झालेलं, पुन्हा तोंडाला लागायचं नव्हतं. बंदरावर मासळी थांबली व्हती. चावी माझ्या खिशात व्हती आनि माझे हात ग्रीसनं भरलेले. मी म्हनलं, घे खिशातनं. त्यानं काढून घेतली."

मी आंटींकडं पाहिलं. त्या खांबाला धरून उभ्या होत्या. डॉमनिकनं चावी खिळ्यावरची घेतली आणि बापानं चाकातून मान वर केली नव्हती, असंच त्यांना इतकी वर्षं सांगितलं गेलं होतं. हे त्या भास्करबरोबरच पहिल्यांदा ऐकत होत्या.

भास्करनं डोळे मिटले. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं त्याला झोप लागली. मग तो म्हणाला, "मग इतकी वरसं मी कोनाला माफ केलं?"

अंकल खाटेच्या कडेवरून उठून उभे राहिले.

"मला वाटायचं, माझ्या हातनं एक तरी चांगलं काम झालंय," भास्कर म्हणाला. तो रागावलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "नव्यानं माफ करायला टाइम लागतो, काका. मला तेवढा नाय." आणि त्यानं कसंबसं कुशीवर वळून भिंतीकडं तोंड केलं. पुतण्यानं आम्हाला फाटकापर्यंत सोडलं नाही.

अंकलनी सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. मी माझ्या नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, खरं ते खरं. मी शाळेतल्या एका बाईंना नाव न सांगता विचारलं, त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यानं स्वतःचं ओझं मरणाऱ्याच्या छातीवर ठेवलं. दोघांचंही मला पटतं.

भास्कर त्याच आठवड्यात गेला. अंकल चालत गेले आणि वाडीच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. पुतण्या बाहेर आला, घरी जा एवढंच म्हणाला आणि परत वळला. अंकल परत आले. पाय सुजले होते. आंटींनी मिठाचं गरम पाणी समोर ठेवलं आणि आत गेल्या. त्या अंकलना वेळेवर जेवायला वाढत, कपडे धूत, पण बोलत नसत. रविवारी मिस्साला एकट्या जाऊ लागल्या.

रिक्षा स्टँडवर जाणं अंकलनी थांबवलं. पेले रिकामे झाले, खिडकीत पांढऱ्या कडा धरून उपडे पडले. पाचूबंदरहून एक टेम्पोवाला नेहमीसारखा आला, नवीन गाडी घेतली होती त्यानं, विचारायला आला होता की कुठलं ग्रीस भरू. अंकल बाकावर बसले होते. "कुठलंबी चालतं," म्हणाले. टेम्पोवाल्याला वाटलं अंकल गंमत करताहेत. तो हसून वाट बघत उभा राहिला. अंकल काहीच बोलेनात, तेव्हा तो माझ्याकडं बघायला लागला. मला येत होतं तेवढं मी सांगितलं, पाण्यानं धुऊन न जाणारं घे, जुनं सगळं काढ. अंकलनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर ते अंथरुणाला खिळले. छाती भरली होती, अंगात ताकद नव्हती, डॉक्टरांनी वयाकडं बोट दाखवलं. नाताळ त्यांनी पाहिला नाही. मातीला सगळे आले होते, कोळीवाड्यातले, रिक्षावाले, शाळेच्या बसचा तो ड्रायव्हरसुद्धा. भास्करच्या घरचं कुणी नव्हतं. लोक हळू आवाजात ग्रीसच्याच आठवणी काढत होते, तव्याची, फादरच्या प्रवचनाची. आम्ही पुढं चंदनसारला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि ते घर सुटलं. आंटी बहिणीच्या मुलीकडं राहायला गेल्या.

पण अंकल म्हटलं की मला मातीचा दिवस आठवत नाही. आठवते ती त्याआधीची एक दुपार. शाळा लवकर सुटली होती, मी खाली डोकावले. आंटी खाटेशी स्टुलावर बसून त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. मला त्यांनी मानेनंच बस म्हटलं. खोलीत चमच्याचा वाटीला लागेल तेवढाच आवाज. अंकल छताकडं बघत होते. दोन घासांच्या मध्ये ते म्हणाले, "मी चावी दिली नसती तर."

कुणाला उद्देशून नव्हतं ते. आंटींचा चमचा वाटीतच थांबला. भास्करकडून आल्यापासून त्यांच्यात एक वाक्य झालं नव्हतं. मी उठून जायला पाहिजे होतं, पण उठवेना.

"हळदीवरनं तो जेवायला घरी आलता," आंटी म्हणाल्या. "मीच वाढलं. वाढताना मला पन वास आला व्हता."

अंकलनी मान वळवायला फार वेळ घेतला. दोस्तांकडून मागाहून कळलं, असं आंटींनी मला सांगितलं होतं. तेच त्यांनी अंकलनाही सांगितलं असणार, आणि स्वतःलाही.

"मग तू बोलली का नाय?"

"तुमी पुन्हा भांडला असता त्याच्याशी," आंटी म्हणाल्या. "तुमी का नाय बोलला?"

अंकलच्या हनुवटीवरून पेज ओघळली होती. आंटींनी ती पदरानं पुसली, वाटी ढवळली आणि चमचा पुन्हा भरला. अंकलनी तोंड उघडलं.